धोंडूतात्यांचा नॉर्वे

अंगात बनियन, कमरेला पंचा, अशा अवतारात धोंडूतात्या सकाळी आठ वाजता पडवीच्या छपरावर चढले होते आणि मुठीमुठीनं गवत उपटून खाली अंगणात भिरकावत होते. वय अठ्ठावन्न, गुडघे कामातून गेलेले, तरी छपरावर चढायची पाळी आली ती कुणामुळे? पोटच्या पोरामुळे. गवत काही आपणहून उगवलेलं नव्हतं. त्यांच्या एकुलत्या एक सदूनं मे महिन्यात पडवीच्या कौलारू नळ्यांवर चांगली आठ घमेली माती पसरली होती आणि वर गवताचं बी फेकलं होतं. का, तर नॉर्वे देशात घरांच्या छपरावर गवत असतं आणि त्यानं घर उबदार राहतं. आता रत्नागिरीत घर उबदार करून काय शेकत बसायचंय? मग व्हायचं तेच झालं. आषाढात पाऊस चार दिवस लागून पडला आणि तांबडा चिखल नळ्यांतून सरळ भाताच्या कणगीत उतरला. गवत मात्र मजेत वाढलं. आता तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी वाळून तसंच उभं होतं.

"तात्या, राहू द्या ना," सदू खालून म्हणाला. "एकदा मुळं नीट धरली की गळत नाही."

"मुळं? मुळं तुझ्या डोक्यात धरल्येत! उतरू दे मला खाली, मग दाखवतो."

"पण तुम्हीच सांगितलं होतंत. छपरावर गवत होतं आणि गवतात बकरी चरत होती म्हणून."

तात्यांनी जोरानं आणखी एक मूठ उपटली. ह्या पोराशी भांडताना दर वेळी असंच व्हायचं. शिवी अगदी ओठांवर यायची आणि पोरगा शांतपणे म्हणायचा, तुम्हीच सांगितलं होतंत.

आणि सांगितलं होतं हे खरंच. सत्तावीस वर्षं तात्यांनी परदेशी बोटींवर तेलवाल्याची नोकरी केली. म्हणजे बोटीच्या पोटात, इंजिनाच्या खोलीत, यंत्रांना तेल घालायचं आणि ती पुसायची. त्यातली सोळा वर्षं नॉर्वेच्या एका कंपनीत. दोन वर्षांतून एकदा तीन महिने घरी यायचे तेव्हा अख्खी वाडी ह्याच पडवीत गोळा व्हायची. माणूस बोटीवरून आला की त्यानं काय काय पाहिलं ते सांगायचं, असा वाडीचा रिवाजच होता. चहा व्हायचा, विड्या पेटायच्या आणि तात्या सुरू करायचे. तिकडचा मासळीबाजार कसा, तर लिलाव होतो पण कुणी ओरडत नाही, कुजबुजत भाव करतात. सूर्य कसा, तर जून महिन्यात मावळायचं नावच घेत नाही. मग ती छपरावरची बकरी. आणि सगळ्यांत शेवटी, लाल घरातली म्हातारी. बर्गन बंदरात थंडीनं कुडकुडणाऱ्या तात्यांना तिनं हाताला धरून घरात नेलं, कॉफी पाजली आणि निघताना स्वतः विणलेले लोकरीचे मोजे दिले. लहानगा सदू तात्यांच्या मांडीला टेकून हे सगळं ऐकायचा आणि म्हातारीची गोष्ट दोनदोनदा सांगायला लावायचा. मोजे तर घरात होतेच, ट्रंकेत, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेले.

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. मोजे मुंबईला गोदीबाहेरच्या फुटपाथवर घेतलेले होते. धोंडूतात्यांनी नॉर्वे पाहिलाच नव्हता. हे वाडीत कुणाला ठाऊक नव्हतं, बायकोला, यमुनाबाईंनाही नव्हतं. आणि आता इतक्या वर्षांनी सांगायचं, तर ज्या वाडीनं डोक्यावर घेतलं तिच्यात तोंड कसं दाखवायचं?

बरं, त्याच गोष्टी वाडीतल्या बाकीच्या पोरांनीही ऐकल्या होत्या. ती मोठी झाली, कुणी मिरकरवाड्याला ट्रॉलरवर लागलं, कुणी लोट्याला कंपनीत लागलं, आणि गोष्टी विसरून गेली. हा एकटा विसरला नाही. कचेरीत नकाशे काढायची कायमची सरकारी नोकरी लागली, तर घरच्या भिंतीवर पहिला नकाशा आला तो नॉर्वेचा. मग त्यांच्या वकिलातीला पत्रं लिहून चोपड्या मागवणं झालं. मग मिरकरवाड्याहून ट्रॉलरचा उरलेला रंग आणलान आणि दोन रविवार खपून गोठा लालभडक केलान. तो लाल रंग बघून पलीकडच्या वाडीतली एक बाई कुटुंबनियोजनाचं केंद्र समजून आत शिरली, तर म्हशीनं तिला ढुशी मारली. तिच्या नवऱ्याची समजूत घालायला तात्यांना जावं लागलं.

आणि ते चालणं! दर रविवारी सकाळी सदू पाठीला पिशवी लावून वाडीच्या वरच्या सड्यावर चालायला जायचा. सडा म्हणजे नुसता उघडा कातळ. तिथं माणूस जातो तो गुरं आणायला, नाहीतर जळणाची फाटी गोळा करायला.

"कुठे रे चाललास?"

"कुठे नाही. चालायला."

"हां, पण कुठे?"

"कुठेच नाही."

असं उत्तर दिल्यावर वाडी काय गप्प बसते? कुणी म्हणालं जागा बघतोय, कुणी म्हणालं पोरगी असेल. शेजारच्या दादूनं तर तीन रविवार पाळत ठेवली. सदू वर जायचा, एका दगडावर बसून थंडगार चपाती आणि उकडलेलं अंडं खायचा, समुद्राकडे बघायचा आणि खाली यायचा. तिकडे सगळे असंच करतात म्हणे. दादू येऊन तात्यांच्या कानाशी लागला, "तात्या, पोराला बाहेरचं काय लागलंय का बघा हो." तात्यांनी त्याला हाकलून दिला, पण स्वतः दिवसभर चरफडत राहिले.

इतकं होऊनही त्यांनी सोसलं असतं. वेड आहे, लग्न झालं की उतरेल, असं ते यमुनाबाईंना सांगायचे. स्थळही चालून आलं होतं. पालीच्या बाजारात किराणा मालाचं दुकान असलेले गंगाराम म्हणून गृहस्थ, त्यांची कमळा. मुलगी मॅट्रिक झालेली, सदूला बघून गेलेली आणि पसंत आहे म्हणणारी. नाताळाच्या आत शब्द द्या, एवढंच गंगारामांचं म्हणणं होतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात ते पत्र आलं.

नॉर्वेतल्या कुठल्याशा खेड्यातल्या शाळेनं सदूला वर्षभरासाठी घ्यायचं कबूल केलं होतं. शिकवणार, राहायला-खायला देणार, त्याबदल्यात त्यानं शाळेच्या गोठ्यात काम करायचं. पुढच्या ऑगस्टात, म्हणजे पंच्याऐंशी सालच्या ऑगस्टात जायचं.

"आणि वर्षानंतर?" तात्यांनी विचारलं.

"बघू. जमलं तर तिकडेच राहीन."

"नोकरीचं काय?"

"सोडीन."

"सोडतोस? कायमची नोकरी सोडतोस? आणि शेण काढायला नॉर्वेत जातोस? इथं कधी काढलंस का रे शेण? तुझी आई काढते इथं शेण, कधी तिच्या हातातलं घमेलं तरी घेतलंस?"

सदूनं पत्र घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाला, "तात्या, मी पहिल्यांदा बर्गनला त्या म्हातारीच्या घरी जाणार आहे. ती आता नसेल, पण मुलं असतील. तुमचं नाव सांगीन, मोजे दाखवीन. पत्ता तेवढा आठवून द्या ना."

तात्या उठले, विहिरीवर गेले आणि गरज नसताना चार कळश्या पाणी अंगावर ओतून आले.

त्यांना भीती वाटत होती, दुसरं काही नाही. घरापासून लांब जाणं म्हणजे काय ते ह्या घरात एकट्या त्यांना ठाऊक होतं. बाप गेला तेव्हा ते समुद्रावर होते. सदू जन्मला तेव्हाही समुद्रावरच. पोरगा त्यांना पहिल्यांदा भेटला तो चौदा महिन्यांचा, आणि बापाला बघून त्यानं भोकाड पसरलं होतं. आता कुठे पाच-सहा वर्षं एका घरात, एका वेळेला जेवायला बसत होते. परत तेच करायचं? यमुनाबाईंनी जशी सत्तावीस वर्षं पोस्टमनची वाट बघितली तशी आता आपण बघत बसायची? नको, पोरगा इथंच राहायला हवा. ह्याच्यापुढे तात्यांना बाकी सगळं क्षुल्लक होतं.

एकदा खरं सांगून टाकलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण जीभ रेटत नव्हती. त्यांनी बाजूबाजूनं करून पाहिलं. थंडी फार असते म्हणाले, तर सदू म्हणाला, तुम्ही सोसलीत की. जेवण बेचव असतं म्हणाले, तर सदू म्हणाला, म्हातारीच्या हातची कॉफी तर तुम्हांला आवडली होती. तात्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी मार्ग काढला यमुनाबाईंनी. "नवलाईला गाऱ्हाणं घालू या आणि कौल लावू या. ती सांगेल तसं." तात्यांना हायसं वाटलं. आपल्याला जे जमत नाही ते देवी करील. सदूही कबूल झाला. नॉर्वेचं कितीही वेड असलं तरी नवलाईचा कौल मोडायची छाती त्याला नव्हती. वाडीत कुणालाच नव्हती. "देवीनं नको म्हटलं तर नाही जाणार," असा त्यानं आईला शब्द दिला.

मंगळवारी सकाळी देवळात पन्नास-साठ माणसं जमली. एरवी गाऱ्हाण्याला दहा जमवताना मारामार, पण हे प्रकरण सगळ्यांना माहीत होतं. केरू गुरवानं नवलाईच्या पाषाणाला आंघोळ घातली, फुलांचे दोन कळे पाण्यात भिजवून एक उजवीकडे चिकटवला, एक डावीकडे. उजवा आधी पडला तर पोरानं राहावं, डावा पडला तर जावं. मग हात जोडून त्यानं आवाज लावला.

"आये नवलाई, ह्या वाडीची, ह्या शिवेची तू राखणदार. तुझ्या लेकराच्या घरचा मुलगा दर्यापार जायचं म्हणतोय. घर एकलं पडतंय."

"व्हय म्हाराजा!" वाडी एका सुरात गरजली.

"तर तू काय तो निवाडा कर. जाणती-नेणती चूक पोटात घाल, आणि कौल दे."

"व्हय म्हाराजा!"

आणि सगळे कळ्यांकडे बघत बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पाव तास झाला. कळे जागचे हलेनात. केरूनं ते जरा जास्तच भिजवलेत, असं तात्यांचं मत झालं, पण देवळात गुरवाला कोण बोलणार? अर्धा तास झाल्यावर केरूनं मान हलवली.

"कौल अडलाय. घरातल्या कुणाच्या तरी पोटात कायतरी राह्यलंय. त्याचा उच्चार झाल्याबिगर आई बोलायची नाय."

यमुनाबाई लगेच पदर डोक्यावर ओढून पुढे झाल्या. "आये, मोज्यांतल्या एकाला उंदरानं भोक पाडलंन, ते मी ह्यांना सांगितलं नाही."

"व्हय म्हाराजा!"

कळे हलले नाहीत. मग दादूला काय झालं कोण जाणे, गाऱ्हाणं त्याच्या घरचं नव्हतं तरी तो उठला आणि तात्यांच्या झाडाचे दोन फणस आपण नेले असं बोलून मोकळा झाला.

"दोन? मेल्या, सात नेलेस तू!" तात्या ओरडले. केरूनं दोघांना गप्प केलं.

सदू म्हणाला, "माझ्या पोटात काही नाही. पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलंय." ते खरं होतं. मग राहता राहिलं कोण? साठ माणसांच्या माना हळूहळू तात्यांकडे वळल्या. यमुनाबाईही वळल्या. आत पाषाण, मागे वाडी, बाजूला पोरगा. जायला वाट नव्हती.

"आये," ते म्हणाले. त्यांनी खाकरून घेतलं. "मी नॉर्वे बघितलेला नाय."

"व्हय म्हाराजा!"

तात्या दचकले. "अरे व्हय काय? नाय बघितलेला म्हणतोय मी!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात वाक्य संपलं की व्हय म्हणायचं एवढं लोकांच्या अंगवळणी पडलेलं. वाक्यात काय होतं ते डोक्यात शिरायला वेळ लागतो. तात्या वैतागले, आणि त्या वैतागातच त्यांना बोलायचं बळ आलं.

"बोट बंदराला लागली की इंजिनाचं काम निघायचं. वरची माणसं शहर बघायला जायची, आम्ही खाली."

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या जेवणाच्या खोलीत एक जुनं कॅलेंडर होतं. त्याच्यात बारा चित्रं. बकरी मे महिन्यात होती. मासळीबाजार सप्टेंबरात."

"व्हय म्हाराजा," आवाज आता निम्म्यावर आला.

"आणि म्हातारी डिसेंबरात. लाल घराच्या दारात विणत बसलेली. चित्र होतं ते. मोजे मी मुंबईला घेतले."

ह्या खेपेला एकटा दादूच व्हय म्हाराजा म्हणाला. त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं.

"पहिल्या खेपेला घरी आलो तेव्हा तुम्ही सगळे पडवीत येऊन बसलात. काय पाह्यलंस, काय पाह्यलंस. काय सांगणार होतो? पाइप पाह्यले म्हणून? बायको समोर, बाप समोर." तात्या आता देवीकडे बघत नव्हते आणि कुणाकडेच बघत नव्हते. "एकदा उतरलो होतो. एकदाच, बर्गनला. पायांत कॅनव्हासचे बूट. धक्क्यावर गोदाम होतं, तिथपर्यंत गेलो. एक माणूस कागदात गुंडाळलेला पाव खात होता. तो माझ्याकडे बघून कायतरी बोलला. शिवी देतोय की पाव देतोय ते मला कळलं नाय. मला भय वाटलं. मी पाठ फिरवली आणि खाली जाऊन बसलो. त्यानंतर सोळा वर्षांत परत उतरलो नाय. दहा मिनिटांचा माझा नॉर्वे, आये. बाकीच्या सगळ्या थापा."

मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे बकरी कॅलेंडरातली?" आणि दादू फिस्सकन हसला. एकदा तो हसल्यावर कुणाला धरवेना. पंचवीस वर्षं ज्या बकरीच्या नावानं वाडीनं माना डोलावल्या होत्या तिच्या नावानं सगळं देऊळ पोट धरधरून हसलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. यमुनाबाई हसल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"गप बसा रे!" केरू गुरव ओरडला. "कौल झाला!"

दोन्ही कळे खाली पडले होते. आणि आधी कुठला पडला ते एकाही माणसानं पाहिलं नव्हतं. खुद्द केरूसुद्धा तात्यांच्या तोंडाकडे बघत होता. मग झाली वादावादी. एक म्हणे उजवा, एक म्हणे डावा, दादू म्हणे दोन्ही एकदम. केरू म्हणाला, नवा नारळ आणा, पुन्हा लावू.

"काय लावायचं नाय!" तात्या कडाडले. "पुरे झाली शोभा."

त्यांनी सदूला शोधला. सदू देवळात नव्हता. मंगळवार असूनही तो एकटा सड्याची वाट चढत चालला होता.

दुपारी तो परत आला, हातपाय धुऊन मुकाट्यानं जेवला. मग भिंतीवरचा नकाशा काढून, गुंडाळून त्यानं माळ्यावर टाकला.

"तात्या, पालीला निरोप धाडा," तो म्हणाला. "माझी ना नाही."

तात्यांना हवं होतं ते मिळालं. त्यांनी त्याच दिवशी ओळखीच्या कंडक्टरबरोबर पालीला निरोप पाठवला, रविवारी या म्हणून. आता खरं तर हातपाय पसरून निजायला हरकत नव्हती. वाडीतली पोरं येता-जाता "तात्या, बकरी काय म्हणते?" म्हणून चिडवायची, तेही ते सोसत होते. तोंड दाखवायला जागा राहणार नाही असं वाटलं होतं, पण राहिली होती. लोक हसले आणि मासे विकायला गेले.

सोसवेना ते पोराचं गप्प बसणं. सदू कचेरीत जायचा, यायचा, वाढलेलं जेवायचा. एका संध्याकाळी छपरावर चढून उरलेलं गवत त्यानं आपणच काढून टाकलं, नळे झाडून साफ केले. आणि मग पडवीच्या पायरीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसायचा तो बसायचाच. रागावला असता, भांडला असता, खोटारडे म्हणाला असता तर तात्यांनी ऐकून घेतलं असतं. पण हा नुसता बसायचा. तशी बसणारी माणसं तात्यांनी पाहिली होती. इंजिनाच्या खोलीत पाळी संपली तरी शिडीच्या खालच्या पायरीवर बसून राहायची. वर जायला मोकळी असायची, पण जायची नाहीत. काही वर्षांनी त्यांना कुणी चला वर असं म्हणायचंही नाही. तात्या स्वतः त्यांतलेच होते.

रविवार उजाडला. गंगाराम दहाच्या गाडीनं यायचे होते. यमुनाबाई पोहे भिजवत होत्या. सदू धुतलेला शर्ट घालून पायरीवर बसला होता. तात्या दोनदा त्याच्यावरून गेले, दोनदा आत आले, आणि तिसऱ्यांदा त्यांचा तोल गेला.

"ऊठ! पाच दिवस मयताला आल्यासारखा बसून राह्यलायस. जायचं नाही ठरलं ना? मग हस की! लग्न ठरतंय तुझं!"

"हसतो ना," सदू म्हणाला.

"हे हसणं? शिरा पडली तुझ्या हसण्यावर! रविवार आहे, चालायला का नाही गेलास?"

"कशाला जाऊ? तात्या, तिकडे काही नाहीच. मी ज्याच्यासाठी जाणार होतो ते सगळं कॅलेंडर होतं."

"कॅलेंडर होतं!" तात्या एवढ्यानं ओरडले की यमुनाबाई पोह्यांच्या हातानं बाहेर आल्या. "अरे गाढवा, कॅलेंडरवाल्यानं काय ते फोटो हवेतून काढले? बाजार असेल तेव्हाच बाजाराचा फोटो निघेल ना? म्हातारी असेल तेव्हाच निघेल ना? होतं ते सगळं. वर होतं. शिडीला चाळीस पायऱ्या होत्या आणि मी चढून गेलो नाय. देश खोटा नव्हता रे, मी खोटा होतो." त्यांनी खांबाला धरलं. "मला बघायचं होतं. तुला काय वाटतं, मला बघायचं नव्हतं? रोज वाटायचं. भय वाटलं म्हणून नाय गेलो, आणि मग सवय झाली. तुला मी इथं बसवून ठेवला तर तुझंही तेच होणार. नकाशा काढ माळ्यावरून. ऑगस्टात जा."

सदू उठून उभा राहिला. "आणि गंगाराम येतायत ते?"

"त्यांना मी सांगतो. थांबतो म्हणाले तर थांबतील, नाहीतर शिव्या देतील. खाईन मी शिव्या."

यमुनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि त्या आत गेल्या. मग सदू हळू आवाजात म्हणाला, "तात्या, मलाही तसंच झालं तर? तिकडे कुणी काही बोललं, मला कळलं नाही आणि मी घाबरून खोलीत बसून राहिलो तर?"

तात्यांचा वैताग कुठल्या कुठे गेला होता. पोरगा सव्वीस वर्षांचा होता, त्यांच्याहून उंच होता, आणि त्यांना त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं, पण तशी कधी सवयच नव्हती. त्यांनी त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली.

"तर तसं लिही," ते म्हणाले. "भय वाटलं तर भय वाटलं म्हणून लिही. काही बघितलं नाहीस तर नाही बघितलं म्हणून लिही. मला खोटं नको सांगूस, बाबा. तुझं पत्र मी एकटाच वाचीन, वाडीला दाखवायचा नाय."